तीन मिनिटं

आधी मोबाइल देऊन पाहिला.
तिची बोटं कोरडी, काच त्यांना ओळखेना.
ती फुंकर मारायची, पदरानं पुसायची
आणि परत करायची माझ्याकडे,
शेजारणीचं भांडं परत करावं तसं.

मग रेडिओ. अकरा बटणं.
दहांवर मी चिकटपट्टी लावली,
उरलेल्या एकावर लाल नेलपॉलिश,
म्हणजे दिसेल, म्हणजे दाबेल.
तिनं दुपारभर बसून नखानं ते खरवडून काढलं.
"कुंकू सांडलंय गं कुणाचं तरी," म्हणाली.

तोवर गाणं म्हणजे मी.
मी लावलं तर लागायचं.
मी जिल्हा परिषदेत, तर घर गप्प.
संध्याकाळी गोडोलीत आमच्या गल्लीला वळलं
की खिडकीत ती दिसायची,
मांडीवर रेडिओ,
झोपलेलं मूल घेऊन बसल्यासारखी.

फोन माळ्यावर सापडला, पापडाच्या डब्यामागे.
काळा, जड, तबकडीचा.
तिच्या निरोपाला एक्स्चेंजमधल्या बायकांनी
वर्गणी काढून भंगारातून सोडवलेला.
मी नुसता पुसत होते.
तिनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला,
उलटा नाही, बरोबर सुलटा,
मान डावीकडे कलली, खांदा वर आला,
आणि मला अकरा महिन्यांत ऐकू न आलेला आवाज:
"हं, सातारा. बोला."

माझं नाव तिला त्या दिवशी आठवत नव्हतं.

पिशवीत घालून पोवई नाक्यावर नेला, शब्बीर बागवानकडे.
"उचलला की वाजणार, ठेवला की बंद.
अजून काही?"
अजून काही नको.
आवाजाचं बटण नको, पुढचं-मागचं नको, दिवा नको.
त्यानं पोटात नखाएवढं कार्ड बसवलं,
साडेतीनशे सांगितले, साडेतीनशेच घेतले.

गाणी मी निवडली. मोठ्या शहाणपणानं.
भूपाळ्या, आजीच्या जात्यावरच्या ओव्या,
शाळेतली प्रार्थना.
मामा म्हणाला, एक लावणी पण घाल,
शालन दार लावून गुणगुणायची.
माझी आई? लावणी?
घातली, सगळ्यात शेवटी.

भूपाळी लागली. दोन ओळी ऐकल्या तिनं.
"राँग नंबर," म्हणून ठेवून दिला.
पुन्हा उचलला. प्रार्थना.
"राँग नंबर."
मी स्वयंपाकघरात, हाताला कणीक,
जायचं नाही असं स्वतःला बजावत.
उचलणं, ठेवणं. उचलणं, ठेवणं.
मग बराच वेळ ठेवल्याचा आवाज आलाच नाही.
डोकावले.
रिसीव्हर कानाला, डोळे भिंतीवर,
आणि पलंगाखाली डावा पाय
ढोलकीच्या अगदी बरोबर.

गाणं संपलं तेव्हा म्हणाली,
"तीन मिनिटं झाली. वाढवू?"
थोडं थांबली, पलीकडचं कुणी विचार करतंय तशी.
"वाढवते."

आता कार्डावर नऊ लावण्या आहेत.
ओव्या दोन ठेवल्यात, माझ्या समाधानासाठी.
रात्री ती झोपली की फोन चार्जिंगला लावते,
सकाळी वायर लपवते.
सगळे दिवस चांगले नसतात.
परवा तिनं रिसीव्हर उशीखाली ठेवला
आणि म्हसवडची लाईन गेली म्हणून रडली.
मी काढून दिला. लाईन आली.

काल फायलींनी उशीर केला.
सव्वासात. जिन्यात दिवा नाही.
येताना सारखं मनात, एकटी आहे, एकटी आहे.
दार ढकललं.
ती फोनवर होती.
मला पाहिलं, कोण म्हणून नाही विचारलं,
नुसतं एक बोट वर केलं:
थांबा.

पायातली चप्पलही न काढता उंबऱ्यात उभी राहिले.
लाईन चालू असताना मध्ये बोलायचं नसतं,
हे मला तिनंच शिकवलंय.